आरसा धुरकट नव्हता

मी एक जुना रेटिनोस्कोप आहे, मित्रांनो. नाव अवघड वाटलं तरी आपली भेट कधी ना कधी झालेली असणार. चष्म्याचा नंबर काढायला गेलात की अंधाऱ्या खोलीत एखादी ताई तुमच्या समोर बसते आणि हातातल्या दांड्यातून उजेडाची बारीक रेघ तुमच्या डोळ्यावरून इकडून तिकडे फिरवते. तो दांडा म्हणजे मी. माझ्या पोटात दोन जाडे सेल असतात. डोक्यात एक इवलासा बल्ब, तिरका बसवलेला आरसा आणि आरशाच्या मधोमध बघायला एक बारीक भोक. माझा उजेड डोळ्याच्या बाहुलीतून आत शिरतो, मागच्या पडद्यावर पोचतो आणि तांबूस होऊन परत फिरतो. त्या तांबूस चमकेवरून डोळ्याचं बरंच काही कळतं. माणसं अक्षरं पाठ करून म्हणतात, दिसत नसलं तरी दिसतंय म्हणतात. चमकेला ते जमत नाही.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या छावणीमागच्या गल्ल्यांमधून शाळा-कॉलेजांना लागणारी दुर्बिणी, तराजू, भिंगं अशी नाना उपकरणं तयार होतात. तिथल्या एका लहानशा कारखान्यात आम्ही दोघं भाऊ एकाच दिवशी तयार झालो. एकाच काचेतून आमचे आरसे कापले गेले. कारागिराने माझ्या मानेवर एकेचाळीस आकडा कोरला आणि त्याच्या मानेवर बेचाळीस. एवढा सोडला तर आमच्यात काडीचा फरक नव्हता. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

तिथून आम्ही चंदीगडला आलो, सेक्टर १७ मध्ये, सरदार अजैबसिंग यांच्या दुकानात. दुकान वरच्या मजल्यावर होतं. व्हरांड्यातून आत गेलं की समोर काचेचं कपाट, त्यात आम्ही सगळे रांगेने, आणि एका कोपऱ्यात दुरुस्तीचं टेबल. अजैबसिंगांची पांढरी दाढी छातीपर्यंत यायची. उजव्या डोळ्याला भिंग लावून ते तासन्‌तास सूक्ष्मदर्शकांची पोटं उघडून बसत. रोज सकाळी मलमलीच्या फडक्याने आम्हाला पुसत आणि गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगत, "पहले आँख में डालके देखो जी, बात फिर करेंगे." नुसतं हातात घेऊन वजन बघणारं गिऱ्हाईक त्यांना आवडायचं नाही. तपासायला डोळा हवा म्हणून ते स्वतःच खुर्चीत बसायचे.

विनया दुकानात आली ती चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात ती डोळे तपासण्याचं शिक्षण घेत होती. तिचे वडील श्यामकांतराव केंद्र सरकारच्या नोकरीत, मूळचे साताऱ्याकडचे, बदलीवर इकडे आलेले. सेक्टर २२ मध्ये सरकारी क्वार्टर. घरात साताऱ्याची मराठी, घराच्या उंबऱ्याबाहेर हिंदी आणि मैत्रिणींत सगळ्याची मिसळ, अशी ती वाढली होती. दिवस चांगले नव्हते. चौकाचौकात वाळूच्या पोत्यांआड बंदूकधारी उभे असत, बसमध्ये चढताना पिशव्या उघडून दाखवाव्या लागत आणि संध्याकाळी बातम्या लागल्या की घरोघरी आवाज खाली जात. तरी परीक्षा होत्याच. आणि रेटिनोस्कोप स्वतःचा हवा, कारण हाताला एकाच दांड्याची सवय व्हावी लागते, असं त्यांच्या मॅडमनी बजावलं होतं.

"अंकलजी, चार्जिंगवाला लूँ या सेलवाला?" तिने आल्या आल्या विचारलं.

"बिजली का क्या भरोसा, पुत्तर. आज है, कल नहीं. सेल तो पानवाले के पास भी मिल जाएगा." अजैबसिंगांनी कपाट उघडून आम्हा दोघा भावांना बाहेर काढलं आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. मग खिडकीचा पडदा ओढला, खुर्चीत बसले आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. "चल, देख."

आता या मंडळींची एक शिस्त सांगतो. समोरच्याचा उजवा डोळा बघायचा तर दांडा उजव्या हातात धरून आपल्या उजव्या डोळ्याने बघायचं. डावा बघायचा तर डाव्या हातात, डाव्या डोळ्याने. नाहीतर दोघांची नाकं एकमेकांवर आपटतात आणि तिसरे हसतात. विनयाच्या अंगात ही शिस्त इतकी मुरली होती की उजव्या हाताशी मी होतो म्हणून तिने मला उचललं आणि अजैबसिंगांच्या उजव्या डोळ्यावर धरलं. आत शिरल्याबरोबर माझी चमक लखलखून परत आली. पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखी स्वच्छ, भरलेली. विनयाचा चेहरा खुलला. मग तिने मला खाली ठेवलं, डाव्या हाताने माझ्या भावाला उचललं आणि त्यांच्या डाव्या डोळ्यावर धरलं.

तिच्या कपाळावर आठी पडली. तिने हात हलवला, मान तिरकी केली, पुन्हा बघितलं.

"अंकलजी, ये ठीक नहीं. नीचे से राख जैसा दिखता है. और कुछ हिलता भी है."

अजैबसिंगांनी भावाचा बल्ब बदलला. पुन्हा तेच. मलमलीने आरसा पुसला. पुन्हा तेच. विनया ठामपणे म्हणाली, "शीशा ही धुंधला है, अंकलजी. पक्का."

अजैबसिंग एक क्षण थांबले. मग मान डोलावून म्हणाले, "हाँ पुत्तर. शीशा ही होगा." त्यांनी माझ्या भावाला उचललं, 'अंबाल्याला परत' असं म्हणत टेबलाच्या खालच्या खणात टाकलं आणि मला नवीन सेल घालून विनयाच्या हातात दिलं. "तेरी नज़र बड़ी तेज़ है. अच्छा काम करेगी." तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. खण बंद झाल्याचा आवाज मी ऐकला, पण खरं सांगायचं तर तेव्हा मला आनंदच झाला होता. निवड माझी झाली होती.

पुढचे पंधरा दिवस माझ्या कौतुकाचे. घरी तिच्या आईने, सरलाबाईंनी, मला देव्हाऱ्यापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. श्यामकांतरावांनी ऑफिसातून आल्यावर मला हातात घेऊन उलटसुलट बघितलं. खराब माल बाजूला काढून चांगला निवडून आणल्याची हकीगत ऐकली तशी त्यांची छाती फुगली. "शाब्बास! माझ्या पोरीला कोण गंडवतंय!" शेजारच्यांनाही त्यांनी ती गोष्ट ऐकवली. वर्गातल्या दोन मैत्रिणी विनयाच्या मागे लागल्या की, यार, आमचा घ्यायला पण तूच चल, तुला पारख आहे. विनया जरा भावही खायला लागली. मीही.

मग मे संपता संपता वर्गात तो दिवस आला. डॉ. वसुधा प्रधान त्यांना शिकवत. मूळच्या नागपूरच्या, बोलायला फटकळ, पण मुलांसाठी जीव टाकणाऱ्या. त्यांनी रोपडहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना अंधाऱ्या खोलीत बसवलं होतं. नंदकुमार नावाचा मुलगा बघत होता. बघून त्याने दांडा खाली घेतला आणि म्हणाला, "मॅडम, इसका मिरर गंदा है."

विनयाने मान डोलावली. आपल्यालाही असाच एक भेटला होता, हे सांगायला तिचं तोंड उघडलं होतं.

"मिरर को गाली बाद में देना," मॅडम म्हणाल्या. "पहले यही रेटिनोस्कोप दूसरी आँख पे लगाओ."

नंदकुमारने लावला. दुसऱ्या डोळ्यातली चमक स्वच्छ होती.

"हथियार ख़राब हो तो दोनों आँखों में ख़राब दिखेगा. एक ही आँख में ख़राब दिखे तो बीमार आँख है. समझे?"

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. विनयाने लिहिलं नाही. तिच्या तळहाताला फुटलेला घाम माझ्या दांड्याला लागला. दोन दांडे आणि दोन डोळे. एक दांडा एका डोळ्यावर, दुसरा दुसऱ्यावर. माझा भाऊ तिने उजव्या डोळ्यावर धरलाच नव्हता, आणि मला डाव्यावर.

तास संपल्यावर तिने मॅडमना गाठलं आणि मराठीत सगळं सांगून टाकलं.

"किती दिवस झाले?" मॅडमनी विचारलं.

"पंधरा."

"वय?"

"साठीच्या पुढचे असतील."

"मोतीबिंदू असेल तर घाई नाही. पण तू म्हणतेस खालून राखाडी. आणि हलत होतं?"

"हो मॅडम. पाण्यात कापड हलतं तसं."

मॅडमनी चष्मा काढला आणि नाकाचं हाड चिमटीत धरलं. "अगं, मग पडदा सुटतोय त्यांचा. मधला भाग अजून धरून असेल तर ऑपरेशनने डोळा वाचेल. मधला सुटला तर कुणाच्या हातात काही राहत नाही. उद्या नको. आत्ता जा आणि घेऊन ये त्यांना."

विनया धावतच बस पकडायला गेली. सतरामध्ये उतरून ती जिना दोन-दोन पायऱ्या चढली आणि वर जाऊन बघते तर शटर खाली. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारा रघुवीर बसला होता. त्याने भिंग लावलेला डोळा वर केला.

"सरदारजी? वो तो आज सवेरे अमृतसर गए, बहनजी के घर. साथ में घरवाली भी. गुरपुरब है ना, गुरुद्वारे में मत्था टेकेंगे. मंगल को आ जाएँगे."

"वहाँ फ़ोन है?"

"बहन के घर फ़ोन कहाँ जी."

"भैया, आँख की कोई तकलीफ़ बताते थे?"

रघुवीरने आठवून पाहिलं. "हाँ, कहते थे बाईं तरफ़ मक्खी सी उड़ती है. मैंने कहा, सरदारजी, उमर है. मोतिया उतर रहा होगा, सर्दियों में करवा लेना."

त्या काळी मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीतच करायचं अशी लोकांची समजूत होती. उन्हाळ्यात डोळा पिकतो म्हणत. विनया व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. मंगळवार म्हणजे चार दिवस. चार दिवस थांबू, असं तिने मला कुशीत धरून स्वतःला समजावलं.

मंगळवार आला तेव्हा गाड्या बंद होत्या, बस बंद होत्या, पंजाबातले फोन बंद होते आणि आमच्या रस्त्यावरही संचारबंदी होती. अमृतसरला त्या जूनमध्ये काय झालं ते तुम्ही मोठे झाल्यावर वाचाल, मित्रांनो. मी एक दांडा. मला एवढंच ठाऊक आहे की आमच्या क्वार्टरच्या खिडक्या भर उन्हाळ्यात लावून घेतलेल्या होत्या, रेडिओपाशी श्यामकांतराव कान लावून बसत, आणि टेबलाशी बसलेली विनया माझा उजेड भिंतीवर पाडून बघायची. उजेडाची रेघ भिंतीवर सरळ उमटायची. ती माझा आरसा पुसायची. त्याला पुसण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती वडिलांना म्हणाली, "बाबा, कर्फ्यू उठला की मला सतरामध्ये जायचंय."

"काय करायचंय तिकडं?" श्यामकांतराव उखडले. "आपण बदलीवर आलेली माणसं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. त्या म्हाताऱ्यापाशी तुझं काय अडलंय?"

"त्यांचा डोळा जाईल, बाबा."

"तू काय डॉक्टर लागून गेलीस?"

"डॉक्टर नाही. पण बघितलं मीच होतं ना! तुम्ही शेजाऱ्यांना सांगत फिरलात ना, पोरीला कुणी गंडवू शकत नाही म्हणून? मीच त्यांना गंडवलं. आरसा चांगला होता. बिघडलेला डोळा होता आणि मी आरशाला नावं ठेवून निघून आले."

सरलाबाईंनी गॅस बारीक केला. दुसऱ्या दिवशी संचारबंदी थोड्या वेळासाठी उठली, तेव्हा श्यामकांतरावांनी चपला घातल्या, दुधाची किटली हातात घेतली आणि दाराशी उभे राहून म्हणाले, "चल. सतरामधनं दूध घेऊन येऊ." सतरामध्ये दूध मिळत नाही हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

वाटेत चौकात एका जवानाने त्यांना थांबवलं. विनयाच्या पिशवीतून मला बाहेर काढलं. धातूची नळी, आत सेल, टोकाला काच. त्याने मला लगेच हातभर लांब धरलं. आजूबाजूचे दोघे-तिघे मागे सरकले. "ये क्या है?"

"बेटी पढ़ती है जी. आँखों का है," श्यामकांतराव म्हणाले.

"जलाके दिखाओ."

विनयाने मला लावलं. जवान वयाने तिच्याएवढाच असेल. उन्हात उभं राहून त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने जरा हसल्यासारखं केलं. "मेरी देख के बताओ, ठीक है?" तिने त्याला पोत्यांच्या सावलीत घेतलं, आधी उजवा डोळा बघितला, मग हात बदलून माझ्यानेच डावाही बघितला. दोन्हीकडून माझी चमक भरून आली. "दोनों ठीक हैं," ती म्हणाली आणि रडायला लागली. जवान गोंधळला. त्याने मला तिच्या हातात परत दिलं आणि जायची खूण केली.

शटर बंदच होतं. रघुवीरचंही. दोघं रिकामी किटली घेऊन परत आले.

त्यानंतर विनया किती वेळा गेली याची मोजदाद मी ठेवली नाही. जून सरला, जुलै लागला. फोन सुरू झाले, पण बहिणीच्या घरी फोन नव्हताच. पत्ता रघुवीरला माहीत नव्हता. गुरुद्वाऱ्यात विचारलं, तिथे लोक आपापल्याच माणसांच्या शोधात होते. तिने ज्या मैत्रिणींना खरेदीला नेण्याचं कबूल केलं होतं त्यांना ती एकच म्हणाली, "मुझे कोई पारख नहीं है." घरी तिने मला एका कापडात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवलं. मी तिथे अंधारात पडून राहिलो. सेल पाझरू लागले तरी कुणी काढले नाहीत. माझ्या पोटात त्याचा हिरवट डाग अजून आहे.

जुलैच्या शेवटी एका दुपारी रघुवीरचा निरोप आला. शटर उघडलं होतं.

तिने मला कापडातून काढलं, सेल फेकले, पोट पुसलं, नवीन सेल घातले आणि निघाली. अजैबसिंग त्यांच्या टेबलाशीच बसले होते. वाळले होते. बाकी सगळं जागच्या जागी होतं. फक्त तिचा पाय वाजला तेव्हा त्यांनी मान आवाजाच्या दिशेला पुरती वळवली, उजवा डोळा तिच्यावर येईपर्यंत. विनयाला त्यातच सगळं कळलं.

"आ पुत्तर. बैठ. तेरा वाला ठीक चल रहा है?"

ती समोर बसली. ते आपणहून सांगत राहिले. बहिणीच्या घरात सगळे कोंडले गेले होते. बाहेर आवाज चालू होते. त्याच दिवसांत एका सकाळी ते उठले तर डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा वरून खाली उतरत होता. संध्याकाळपर्यंत निम्मा, मग पुरता. "डॉक्टर के पास कौन जाता? बाहर निकलने का हुकम नहीं था. वाहेगुरू ने जान छोड़ दी, वो बहुत है. मेरी बहन का देवर तो आज तक नहीं लौटा." इथे आल्यावर ते रुग्णालयात जाऊन आले होते. उशीर झाला म्हणून सांगितलं होतं.

"अंकलजी," विनया म्हणाली, "उस दिन मैंने देखा था. इसी कुर्सी पे. शीशा ठीक था. मुझे दूसरी आँख पे लगाके देखना चाहिए था. मैं आपको उसी दिन अस्पताल ले जाती तो..."

खाली बाजारात कुणीतरी शटर ओढत होतं. अजैबसिंगांनी वाकून खालचा खण उघडला, चाचपून माझ्या भावाला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. अंबाल्याला तो परत गेलाच नव्हता.

"तू बच्ची है," ते म्हणाले. "मैं चालीस साल से शीशे देख रहा हूँ. धुंधला शीशा मैं हाथ से पहचान लूँ. मुझे पता था शीशा साफ़ है." त्यांनी भावाच्या मानेवरून अंगठा फिरवला. "मक्खी महीने भर से उड़ रही थी. डर लगता था. तूने कहा शीशा धुंधला है, तो मैं खुश हो गया. मैंने सोचा, चलो, शीशा ही होगा."

विनया ओंजळीत तोंड लपवून रडली. त्यांनी तिला रडू दिलं. मग सवयीने उठले, खिडकीचा पडदा ओढला आणि त्या खुर्चीत जाऊन बसले.

"देख ले. अब दोनों से देख."

तिने मला डाव्या हातात घेऊन त्यांच्या डाव्या डोळ्यावर धरलं. मित्रांनो, माझा उजेड आत गेला. मी वाट बघितली. परत काहीच आलं नाही. इतक्या वर्षांत हजारो डोळ्यांत गेलो असेन, पण उजेड आत जाऊन तिथेच राहतो म्हणजे काय ते मला पहिल्यांदा तेव्हा कळलं.

मग तिने माझ्या भावाला उजव्या हातात घेतलं आणि उजव्या डोळ्यावर धरलं. लाल, भरलेली, स्वच्छ चमक. माझ्यापेक्षा कणभर सरसच.

"कैसा है?" अजैबसिंगांनी विचारलं.

"एकदम साफ़."

"तो ये माल ठीक है? बेच सकता हूँ?" त्यांनी खरोखरच विचारलं. दुकानदाराचा जन्म. खराब वस्तू गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची नाही, हा त्यांचा नियम त्यांनी त्या दिवशीही मोडला नाही.

"नहीं अंकलजी," विनया म्हणाली. "वो मुझे दे दीजिए."

तेव्हापासून आम्ही दोघं भाऊ एका पेटीत आहोत. अजैबसिंगांनी दुकान आणखी काही वर्षं चालवलं, मग मुलाकडे लुधियान्याला गेले आणि तिथेच वारले. विनया पुढे शिकवायला लागली. आता तिचे केस पांढरे झाले आहेत. आता विद्यार्थी हनुवटी टेकवायला सांगून बटण दाबतात, यंत्र आपोआप नंबर छापून देतं, आणि आमच्याकडे बघून काही जण नाक मुरडतात. आम्ही पेटीत पडून असतो. त्याचं मला वाईट वाटतं, पण त्याहून जास्त वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. माझा भाऊ त्या दिवशी खरं बोलला होता. खरं बोलला म्हणून खणात गेला. माझ्या वाट्याला निरोगी डोळा आला एवढीच माझी लायकी, आणि मला हळदकुंकू मिळालं.

दर वर्षी पहिल्या तासाला विनया आमची पेटी उघडते. एका खुर्चीत पडदा सुटलेल्या डोळ्याचा एखादा रुग्ण बसलेला असतो, त्याची परवानगी आधी घेतलेली असते. ती माझ्या भावाला एखाद्या मुलीच्या हातात देते आणि बाजूला उभी राहते. मुलगी बघते, कपाळाला आठी घालते, पुन्हा बघते आणि म्हणते, "मॅडम, इसका शीशा धुंधला है."

दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. विनया त्यांना रागवत नाही. फक्त म्हणते, दुसऱ्या डोळ्यावर धर.

मित्रांनो, तुमच्या हातातल्या वस्तू जपा. आमची पोटं कोरडी ठेवा, आरसे पुसा, वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. पण एखाद्या वस्तूने तुम्हाला नको ते दाखवलं तर तिला खणात टाकण्याची घाई करू नका. आणि समोरचं माणूस पटकन "हो, तसंच असेल" म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. त्याच्याजवळ आणखी जरा वेळ बसा. अजैबसिंगांजवळ त्या दिवशी कुणी बसलं नाही.